कारणाचा रकाना

सलूनवाल्यानं मानेमागे कापडाची गाठ मारली, आरशात बघून विचारलं, "बारीक की मध्यम?" आणि टक्केसाहेबांची पंचाईत झाली. डोक्यावर जे काही उरलं होतं त्यात बारीक आणि मध्यम अशी निवड करता येईल, असं गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कुणी सुचवलं नव्हतं. घरी बायकोच महिन्यातून एकदा कात्री फिरवायची, तीही बोलता बोलता.

"सगळ्यांत साधं असेल ते," ते म्हणाले. "पुरुषांचे केस, साधी कटिंग. दाढी नाही, मालीश नाही, डोकं धुणं नाही."

सलूनवाला कात्री हवेत धरून क्षणभर थांबला. इतकं नेमकं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. हे वाक्य एका छापील यादीतलं आहे आणि सात देशांतल्या सलूनमध्ये ते शब्दशः असंच विचारलं जातं, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? त्यानं कामाला सुरुवात केली आणि सात मिनिटांत संपवलंही. टक्केसाहेबांनी घड्याळ लावून ठेवलं होतं.

"किती झाले?"

"नव्वद."

टक्केसाहेबांची मूठ खिशात होती आणि मुठीत मोजून ठेवलेले चाळीस होते. ती मूठ तशीच आत राहिली.

"चाळीस ना?"

"चाळीस?" सलूनवाला मनापासून हसला. "साहेब, तुम्ही परदेशी होता का इतकी वर्षं?"

भिंतीवर दरपत्रक होतं. त्यावर ठसठशीत नव्वद लिहिलं होतं. टक्केसाहेबांनी ते दोनदा वाचलं, नव्वद दिले आणि मानेवरचे केस न झटकताच बाहेर पडले.

टक्केसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. देशाच्या सांख्यिकी कार्यालयात ते गेली तीस वर्षं होते आणि आमटीत मीठ कमी आहे हेसुद्धा ते 'कालच्या मानानं दहा टक्क्यांनी' असं सांगत. डोक्याचं क्षेत्र जसजसं मोकळं होत गेलं तसतसं ते नाव त्यांना आणखीच शोभायला लागलं. त्यांच्याकडे काम होतं ते देशाच्या वाढीचं. वाढ मोजायची, शेजारच्या सहा देशांच्या वाढीशेजारी मांडायची आणि फरक पडला तर तो का पडला ते सांगायचं. मोजण्याचं काम त्यांना आवडायचं. का पडला हे सांगायची वेळ आली की मात्र ते जुन्या अहवालातलं वाक्य उतरवून काढायचे.

हिशेब ऐकायला सोपा होता. लॉन्ड्रीवाल्यांची वर्षाची कमाई वाढली आणि कपड्यामागचा दर तोच राहिला, तर त्यांनी जास्त कपडे धुतले असणार. ही झाली खरी वाढ. पण कमाईबरोबर दरही तेवढाच चढला असेल, तर कपडे तेवढेच, नुसता आकडा फुगला. म्हणजे सगळी मदार दरावर. आणि गेली तीन वर्षं कटिंग, धुलाई, दुरुस्ती असल्या हाताच्या कामांत त्यांचा देश बाकीच्या सहांच्या कितीतरी पुढे निघून गेला होता. कमाई वाढत होती, दर जागचा हलत नव्हता.

का, असं संचालकांनी विचारलं. टक्केसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच त्याला स्वतःचं उत्तर दिलं. चाळीस पानांचं प्रकरण लिहिलं. आपल्याकडची छोटी दुकानं, त्यांतली चपळाई, कमी वेळात जास्त गिऱ्हाइकं करण्याची हातोटी, वगैरे. सात देशांच्या एकत्र ग्रंथात ते त्यांच्या नावानं छापलं जाणार होतं आणि पुढच्या महिन्यात ते परिषदेत वाचायचं म्हणून बायकोनं नवा कोट शिवायला टाकला होता. छप्पन्नाव्या वर्षी माणसाला काहीतरी सुचावं आणि ते छापलं जावं, याचं त्यांना फार अप्रूप वाटत होतं. ते लपवायची त्यांना गरजही वाटत नव्हती.

आणि सोमवारी सातही देशांचे आकडे तपासणाऱ्या संयुक्त कार्यालयातल्या बाईंचा फोन आला. त्या शेजारच्या देशातल्या.

"एका वस्तीच्या फॉर्मांवर कटिंगचा दर अकरा वर्षं चाळीस? साहेब, आमच्याकडे पुतळ्याचे केससुद्धा कुणी एवढ्यात कापणार नाही."

"आमचे फॉर्म पक्के असतात," टक्केसाहेब ताठ होऊन म्हणाले.

"असतीलच. पण शुक्रवारपर्यंत खात्री करून कळवा. नाहीतर मला तुमचं प्रकरण बाजूला काढावं लागेल."

ज्या व्यक्तीनं ते फॉर्म भरले होते तिला विचारणं सगळ्यांत सोपं होतं. पण ते टक्केसाहेबांना जमणारं नव्हतं, कारण ती व्यक्ती म्हणजे त्यांची वहिनी. थोरला भाऊ बारा वर्षांपूर्वी गेला तेव्हा टक्केसाहेब दर महिन्याला तिच्या घरी पाकीट घेऊन जायचे आणि दर महिन्याला ते पाकीट त्यांच्याच छत्रीत, नाहीतर पिशवीत परत यायचं. तिसऱ्या खेपेला वहिनीनं स्पष्टच सांगितलं, "भाऊजी, काम द्या. पाकीट नको." मग त्यांनी तिला दर गोळा करायच्या कामावर लावलं. एका वस्तीतली एकवीस दुकानं, महिन्यातून एक फेरी. आधी अशा तीन वस्त्या होत्या आणि तीन बायका. दोघी निवृत्त झाल्या, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि गेली तीन वर्षं हाताच्या कामांचे दर म्हणजे वहिनीचे एकवीस फॉर्म, एवढंच काय ते उरलं होतं. तीही आता या महिनाअखेर निवृत्त होणार होती. तिला जाता जाता 'दर खरे आहेत ना?' असं विचारायचं म्हणजे अकरा वर्षांवर शंका घेण्यासारखं होतं. त्यापेक्षा स्वतः जाऊन केस कापून घेतलेले बरे, असा विचार करून ते बुधवारी सकाळी गल्लीत आले होते.

सलूनमधून निघून ते समोर घड्याळजीकडे गेले. हातातलं घड्याळ साफ करायला दिलं. दीडशे. फॉर्मवर साठ होते. मग लॉन्ड्रीत गेले. बरोबर एक शर्ट आणलाच होता.

"एक शर्ट, पूर्ण बाह्यांचा, सुती. धुवून इस्त्री. तातडीचं नाही," ते म्हणाले.

लॉन्ड्रीवाल्यानं शर्ट घेतला नाही. तो त्यांच्याकडेच बघत राहिला. साठीचा, जाड भुवयांचा माणूस.

"तुम्ही बाईंच्या ऑफिसातले का?"

"का बरं?"

"बाई अश्शाच बोलतात. पूर्ण बाह्यांचा, सुती." तो पुढे वाकला. "बाईंचं काही बरंवाईट नाही ना? त्यांच्याबद्दल तक्रार वगैरे?"

"तक्रार कसली? दर किती?"

"तीस."

"आणि बाईंना किती सांगता?"

लॉन्ड्रीवाल्यानं इस्त्री उभी करून ठेवली. दुकानात दुसरं कुणी नाही हे पाहिलं. आपण सापडलो आहोत की आपल्याला शाबासकी मिळणार आहे, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं.

"बारा," तो म्हणाला.

"का?"

"साहेब, तुम्ही बसा आधी."

टक्केसाहेब स्टुलावर बसले.

"याच स्टुलावर बाई बसल्या होत्या. अकरा वर्षं झाली. मालक जाऊन वर्षही झालं नव्हतं त्यांचे. नवीनच काम. आल्या, विचारलं, आम्ही दर सांगितला. नुकताच वाढवला होता आम्ही सगळ्यांनी. बाई लिहून घेऊन गेल्या. दोन दिवसांनी पाहतो तर पुन्हा दारात. दुपारी दोनचं ऊन. एकवीसच्या एकवीस दुकानं पुन्हा पहिल्यापासून. कुणा साहेबानं फॉर्म परत पाठवला होता. दर बदलला तर तिथं पुन्हा जायचं आणि कारण लिहून आणायचं, असा काहीतरी नियम. मी पाणी दिलं. बाई पाणी प्यायल्या आणि पिता पिता रडायला लागल्या. आवाज नाही, काही नाही. डोळ्यांतून नुसतं येत होतं." तो चुकचुकला. "कोण तो कोडगा साहेब होता कोण जाणे. बाईमाणसाला उन्हातान्हात हिंडवायचं म्हणजे काय?"

टक्केसाहेबांनी मान खाली घालून शर्टाची बटणं तपासली.

"मग आम्ही ठरवलं. बाईंना दुसरी फेरी पडेल असं काही सांगायचं नाही. जुने दर ते जुने दर."

"पण भिंतीवरचा बोर्ड?"

"तो बदलतो ना!" आता लॉन्ड्रीवाला खुलला. त्यानं फळीमागून एक जुनाट पाटी काढून दाखवली. तिच्यावर बारा होते. "महिन्याचा पहिला मंगळवार, अकरा ते साडेबारा. बाईंची वेळ. घड्याळासारख्या येतात. त्याआधी सगळ्या गल्लीत जुने बोर्ड लागतात. आणि बोर्ड लावला की दर तोच घ्यायचा. बाईंच्या देखत कुणाकडून तीस घेऊन कसं चालेल? त्यामुळे त्या दीड तासात जो येईल त्याला बारा. सगळ्या वस्तीला माहीत झालंय. साडेदहापासून म्हातारी मंडळी गाठोडी घेऊन उभी असतात. रांग बाहेरपर्यंत. हात असा चालवावा लागतो की विचारू नका."

'त्या गल्लीत कधीही जा, भाऊजी, दुकानात रांग. आणि एकेकाचा हात काय चालतो!' हे वहिनीचं वाक्य होतं. त्यांचं चाळीस पानांचं प्रकरण त्या एका वाक्यातून निघालं होतं.

"आणि बाईंचे स्वतःचे कपडे?"

"ते कधीही आले तरी बाराच."

"का?"

लॉन्ड्रीवाल्याला प्रश्नच कळला नाही. "त्यांच्या फॉर्मवर बारा आहेत ना? मग त्यांच्याकडून तीस घेतले तर फॉर्म खोटा नाही का पडणार त्यांचा? सलूनवालासुद्धा बाईंच्या नातवाचे चाळीसच घेतो. बाईंना खोटं पाडायचं नाही, साहेब."

टक्केसाहेब उठले. शर्ट तिथेच विसरले, दहा पावलांवरून परत आले, शर्ट घेतला, दर विचारल्याबद्दल तीस देऊ लागले आणि लॉन्ड्रीवाल्यानं ते परत केले.

रस्त्यानं चालताना त्यांचं डोकं भणभणत होतं. फॉर्म खोटा आहे का? नियमावलीत लिहिलं होतं की गिऱ्हाइकानं प्रत्यक्ष दिलेला दर नोंदवावा. वहिनी बाराच देत होती. रांगेतले म्हातारेही बाराच देत होते. बोर्डावरही बारा होते. म्हणजे फॉर्म अक्षरन् अक्षर खरा होता. आणि देशात बाकी सगळे तीस देत होते हेही खरं होतं. मग वाढ झाली की नाही? म्हाताऱ्यांनी स्वस्त मिळतं म्हणून जास्त कपडे धुऊन घेतले असतील, तर तेवढी तरी झालीच असेल. ते एका चौकात चुकीच्या बाजूला वळले आणि बरंच पुढे जाऊन त्यांना ते कळलं.

वहिनी घरीच होती. टेबलावर मोठा कागद पसरून ती पट्टीनं रेघा मारत होती.

"या, भाऊजी. अरे वा, केस कापलेत?"

"हो."

"छान कापलेत. जे आहेत ते." ती हसली आणि खुर्ची पुढे सरकवली. "बसा. बघा हे. माझ्यानंतर जी कुणी येईल तिच्यासाठी करतेय."

गल्लीचा नकाशा होता. एकवीस चौकोन आणि प्रत्येकाशेजारी वहिनीच्या बारीक अक्षरात दोन दोन ओळी. घड्याळजींना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, उजवीकडून बोलावे. सलूनवाल्याची बायको आजारी असते, आधी तिची चौकशी, मग दर. लॉन्ड्रीत घाई असते तेव्हा बाहेर थांबावे, मध्ये बोलू नये.

"लॉन्ड्रीत घाई असते?" टक्केसाहेबांनी विचारलं.

"नेहमीच. बिचारा घाम पुसायला थांबत नाही. आणि इतकं असून दर वाढवत नाहीत हो कुणी. भाजी वाढली, तेल वाढलं, घरभाडं वाढलं, ते मला दिसतंच. पण ही हातावरची माणसं आहेत ना, यांना लाज आहे. गिऱ्हाइकाला ओरबाडायचं नाही, हे कळतं यांना." तिनं पट्टी सरळ केली. "अकरा वर्षांत मला कुणाचं काही फुकट घ्यावं लागलं नाही, भाऊजी. जे घेतलं त्याचा पुरता दर दिला. माणसानं आणखी काय करायचं असतं?"

टक्केसाहेब खरे दर सांगायलाच आले होते. वाक्यही जुळवून आणलं होतं. 'वहिनी, एक छोटीशी गफलत झालीय.' पण तोंड उघडलं आणि त्यांना दिसलं की हे सांगितलं की त्या अकरा वर्षांचं काय होणार. प्रत्येक धुतलेली चादर, नातवाची प्रत्येक कटिंग आणि दोनदा दुरुस्त झालेलं भावाचं जुनं घड्याळ हे सगळं त्या गल्लीनं तिच्या पदरात टाकलेलं दान ठरणार. पाकीट परत करणाऱ्या बाईला दर महिन्याला एकवीस पाकिटं मिळत होती आणि तिनं ती घेतली होती. हे ऐकून ती काही बोलणार नाही. फक्त नकाशाचा कागद गुंडाळून ठेवील.

"काय झालं?" वहिनीनं विचारलं. "माझं काही चुकलंय का?"

"नाही, नाही."

"मग चेहरा का असा?"

"ते परिषदेचं. कोटाच्या बाह्या आखूड झाल्यात."

"तुम्ही कोट परत नेऊन द्या. संकोच नका करू. पुन्हा एक फेरी पडली तर काय होतंय?" वहिनी म्हणाली.

शुक्रवारी सकाळी त्यांनी संयुक्त कार्यालयाला पत्र लिहिलं. त्यात वहिनीचा उल्लेख नव्हता, गल्लीचा नव्हता. लिहिलं ते एवढंच, की दर बदलल्यास दुसरी फेरी मारून कारण आणण्याचा नियम मी स्वतः तयार केला होता. त्या नियमामुळे वाढलेले दर कागदावर येईनासे झाले. हाताच्या कामांचे जुने आकडे कृपया धरू नयेत. आणि माझं प्रकरण मी मागे घेत आहे. पत्र चार ओळींचं झालं. शेवटची ओळ लिहायला त्यांना चहाचे दोन कप लागले.

संचालकांनी पत्राची प्रत हातात धरूनच त्यांना आत बोलावलं.

"म्हणजे आपली वाढ झालीच नाही?"

"तसं म्हणता येणार नाही."

"मग झाली?"

"तसंही म्हणता येणार नाही, साहेब."

"अहो, अंदाजे?"

"माहीत नाही."

संचालकांनी चष्मा काढला. तीस वर्षांत टक्केसाहेबांच्या तोंडून हे दोन शब्द त्यांनी ऐकले नव्हते. "शेजाऱ्यांपेक्षा पुढे आहोत की मागे, हे तरी?"

"तपासणाऱ्या बाईंशी बोललो मघाशी. त्या म्हणाल्या, त्यांच्याकडचे दुकानदार चढे दर सांगतात. महागाई दिसली की सरकार मदत देतं, अशी त्यांची समजूत आहे. बाकीच्या पाच देशांत कोण कुणाला काय सांगतं, देव जाणे."

"मग ग्रंथात छापायचं काय?"

संचालकांनी आणखी बरंच काही ऐकवलं, ते योग्यच होतं, आणि टक्केसाहेबांनी ते उभ्यानं ऐकून घेतलं. परिषदेला दुसऱ्या कुणालातरी पाठवायचं ठरलं. दुसऱ्या फेरीचा नियम त्याच दिवशी रद्द झाला.

महिनाअखेर वहिनी निवृत्त झाली. कार्यालयात छोटासा निरोप झाला. तिनं भाषण करायला नकार दिला आणि नकाशा टक्केसाहेबांच्या हातात दिला. तिच्या जागी तिशीतली एक बाई आली. हुशार, चटपटीत. तिनं नकाशा न उघडताच एका गुरुवारी दोन तासांत एकवीस दुकानं उरकली. दुकानदारांनी तिला जे होते ते दर सांगितले. नव्वद, दीडशे, तीस. कारणाचा रकाना मात्र फॉर्मवर अजून छापलेला होता, जुन्या फॉर्मचे गठ्ठे संपायचे होते. तिनं तो सगळीकडे कोरा ठेवला.

पंधरा दिवसांनी वर्तमानपत्रांनी आधीच छापलेल्या जुन्या आकड्यांशी ताडून बातमी दिली. हाताच्या कामांचे दर एका महिन्यात दुपटीच्या वर. कार्यालयातले फोन खणखणत राहिले. एका वर्तमानपत्रानं व्याजदराला दोष दिला, दुसऱ्यानं परदेशी व्यापाराला. शेजारच्या देशातल्या एका बातमीदारानं तर सरळच विचारलं, "साहेब, तुमच्या देशात गेल्या महिन्यात घडलं तरी काय?" टक्केसाहेब काहीतरी बोलले. काय बोलले ते त्यांचं त्यांनाही नंतर आठवेना.

दुपारी वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, पेपर वाचला मी."

"हो."

"काहीतरीच छापतात. कालच मी चादरी आणल्या. जुनाच दर घेतला त्यानं. तुमच्या त्या नव्या मुलीला नीट विचारता येत नसणार. पाठवा तिला माझ्याकडे, मी दोन फेऱ्या मारते तिच्याबरोबर."

"बघतो."

"मी होते तोवर झालं होतं का असं काही?"

"नाही, वहिनी," टक्केसाहेब म्हणाले. "तुम्ही होतात तोवर नव्हतं झालं."

हे ऐकून तिला बरं वाटलं असावं. तिचा आवाज निवळला. "मग कारण काय लिहिलंय तिनं?"

टक्केसाहेबांनी समोरचा गठ्ठा चाळला. "कोरंच आहे."

"कोरं? कोरं चालत नाही म्हणायचात तुम्ही!"

"हो, म्हणायचो." ते खुर्चीत मागे टेकले. "काय लिहू, वहिनी? तुम्हीच सांगा."

हे त्यांनी अगदी मनापासून विचारलं होतं. पलीकडे नळाचं पाणी पडत होतं, ते बंद झालं.

"खरं सांगू? माहीत नसेल तर माहीत नाही म्हणून लिहा. मी पहिल्यांदा तेच लिहिलं होतं. एकवीसच्या एकवीस फॉर्मांवर. दर का वाढला, मला काय माहीत? तुम्ही लाल रेघ मारून परत पाठवलेत सगळे." ती हसत होती. "आता आठवलं की हसू येतं. तेव्हा फार वाईट वाटलं होतं हो. घरच्या माणसानं असं करावं म्हणून."

"घरचा होतो म्हणूनच केलं. लोक म्हणतील, भावजयीला सांभाळून घेतो."

"अहो, बरोबरच होतं तुमचं. दुसऱ्यांदा गेले तर प्रत्येकानं जुनाच दर सांगितला. मीच सगळीकडे चुकीचं लिहून आणलं होतं. डोकं ठिकाणावर नव्हतं तेव्हा माझं. त्यानंतर मात्र मी कधी चुकले नाही. प्रत्येक दर दोनदा विचारून घ्यायचे. रात्री झोपताना पुन्हा आठवून बघायचे. एकवीस दुकानं चुकलेल्या बाईला एवढं तरी करायलाच हवं होतं."

टक्केसाहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. अकरा वर्षं ती हे घेऊन चालत होती आणि ते तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. हे एक ओझं त्यांनी स्वतः लाल रेघेनं तिच्यावर टाकलं होतं. गल्लीचा त्यात काही दोष नव्हता. बाकी काही सांगता येवो न येवो, हे तिच्या डोक्यावरून उतरवल्यावाचून त्यांना राहवेना. पुढचा विचार त्यांनी केलाच नाही.

"वहिनी, तुमचं चुकलं नव्हतं."

"कधी?"

"पहिल्यांदा. तुमचा पहिला फॉर्म बरोबर होता."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आणि दुसरा?" वहिनीनं विचारलं.